आपल्या खासदाराने मत कोणत्या बाजूला दिले?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मतदान हा नागरिकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागते आणि आपले काम झाले असे आपण समजतो. वास्तविक त्या दिवशी आपण आपले मत दुसऱ्याच्या हाती सोपवतो. आपण निवडून दिलेला खासदार पुढे पाच वर्षे दिल्लीच्या सभागृहात आपल्या वतीने मते देत राहतो. त्या मतांनी कायदे होतात, कर बसतात, सरकारे टिकतात किंवा पडतात. त्याने ते मत कोणत्या बाजूला दिले, हे आपल्याला कळते का? कळत असेल तर कोठे? आणि कळत नसेल तर का? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्न कोरडा वाटण्याचा संभव आहे. परंतु आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच आहे. वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचे काम करतात. त्यांनी एकही निवडणूक चुकवलेली नाही. खासदाराचे काम काय, असे त्यांना विचारले तर उत्तर येते, "पाणी, गटार आणि लोकलगाडी." त्यांचे उत्तर चूक म्हणता येत नाही, कारण त्यांना रोज भेडसावणाऱ्या गोष्टी त्याच आहेत. मात्र पाणी आणि गटार ही मुख्यतः महानगरपालिकेची व राज्य शासनाची कामे आहेत. लोकल तेवढी केंद्राच्या अखत्यारीत येते. खासदाराचे मूळ काम वेगळेच आहे : कायद्यांवर चर्चा करणे, सरकारला जाब विचारणे, अंदाजपत्रक तपासणे आणि शेवटी मत देणे. पहिली तीन कामे मत देण्याच्या वाटेवरची आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

एका मताची किंमत

लोकसभेत पाचशेहून अधिक सदस्य असतात, त्यांत एकाच्या मताने काय होते, असे कोणी म्हणेल. त्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. एका मताने सरकार गेले आणि देशाला पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे लागले. दुसरे उदाहरण सप्टेंबर १९७० मधील आहे. माजी संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याची घटनादुरुस्ती राज्यसभेत आली. बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. दोन तृतीयांश बहुमतासाठी २२४ पैकी किमान १५० मते हवी होती. एक मत कमी पडले आणि विधेयक फेटाळले गेले. पुढे १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले, ही गोष्ट निराळी. तात्पर्य, सभागृहातील एकेका मताला वजन असते. मग त्या मताचा हिशेब मतदारापर्यंत पोहोचायला नको का?

मत घेण्याची रीत

आता सभागृहात मत कसे घेतले जाते ते पाहू. चर्चा संपली की अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात. बाजूचे सदस्य 'हो' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात. आवाजाच्या अंदाजाने अध्यक्ष निर्णय सांगतात. याला आवाजी मतदान म्हणतात. या रीतीत कोणत्या सदस्याने काय म्हटले याची नोंद होत नाही. प्रस्ताव मंजूर झाला, एवढेच इतिवृत्तात येते.

या निर्णयाला कोणी आव्हान दिले आणि मतविभागणी मागितली, तर घंटा वाजते. बाहेर असलेले सदस्य आत येतात, दरवाजे बंद होतात आणि प्रत्येकजण आपल्या आसनावरील कळ दाबतो. बाजूने, विरुद्ध आणि तटस्थ अशा तीन कळा असतात. या मतदानाची नावनिशीवार यादी सभागृहाच्या कामकाजाच्या अहवालात छापली जाते. म्हणजे आपल्या खासदाराच्या मताची खात्रीची नोंद मिळते ती फक्त मतविभागणी झाली तरच. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्याने तेथे मोजणी टाळता येत नाही. साध्या कायद्यांपैकी बहुतेक आवाजी मतदानानेच मंजूर होतात.

दोन्ही रीतींमधला फरक अलीकडच्या घटनांवरून स्पष्ट होतो. २० सप्टेंबर २०२० रोजी शेतीविषयक दोन विधेयके राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधी सदस्य मतविभागणी मागत होते. सभागृहात गोंधळ आहे आणि सदस्य आपल्या जागेवर नाहीत, या कारणास्तव ती दिली गेली नाही. त्यानंतर वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसून राहिले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे मागे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांत आले आणि तेही आवाजी मतदानानेच मंजूर झाले. कायदा चांगला होता की वाईट, हा वाद आपण बाजूला ठेवू. राज्यसभेने कायदा केला आणि पुढे तो मागेही घेतला, पण दोन्ही वेळा कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूला मत दिले याची यादी तयार झाली नाही. सोलापूरच्या किंवा नाशिकच्या शेतकऱ्याने राज्यातून गेलेल्या सदस्यांचा हिशेब मांडायचा म्हटले, तर त्याच्या हाती भाषणे आणि वर्तमानपत्रांतील निवेदने यांपलीकडे काही लागत नाही.

याउलट २० सप्टेंबर २०२३ रोजी महिलांना लोकसभेत व विधानसभांत एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती लोकसभेत आली. बाजूने ४५४ आणि विरुद्ध २ मते पडली. विरोधातील दोघांपैकी असदुद्दीन ओवैसी हैदराबादचे, तर इम्तियाज जलील आपल्या महाराष्ट्रातील औरंगाबादचे खासदार होते. या आरक्षणात इतर मागासवर्गीय व मुस्लिम स्त्रियांना वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप पटणे न पटणे ज्याच्या त्याच्यावर आहे. परंतु त्या मतदारसंघातील माणसाला आपल्या खासदाराचे मत ठाऊक झाले, त्यामागचे कारणही ठाऊक झाले आणि पुढच्या निवडणुकीत त्यावर आपला निकाल देण्याची संधी मिळाली. प्रतिनिधी आणि मतदार यांच्यातला व्यवहार असाच उघड असावयास हवा.

एक मराठी माणूस अमेरिकेच्या सभागृहात

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या भाषेतल्या माणसाचे. श्री ठाणेदार हे बेळगावात वाढलेले, मातृभाषा मराठी असलेले गृहस्थ. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९७९ साली अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी पीएच्. डी. केली, उद्योग उभारला आणि पुढे राजकारणात आले. २०२२ व २०२४ साली मिशिगन राज्यातील डेट्रॉइट भागातून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेले.

त्यांच्या कारकिर्दीचा आरंभच नोंदवलेल्या मताने झाला. जानेवारी २०२३ मध्ये सभापतीची निवड पंधराव्या फेरीपर्यंत लांबली. प्रत्येक फेरीत सदस्यांची नावे एकामागून एक पुकारली जात आणि सदस्य उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगत. सदस्यत्वाची शपथ घेण्याआधीच नव्या सदस्यांची मते अशी जगजाहीर झाली. डेमोक्रॅटिक सदस्यांनी आपली मते हकीम जेफ्रीज यांना दिली आणि ठाणेदार त्यांतलेच एक होते. ३ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे कर व खर्चविषयक मोठे विधेयक २१८ विरुद्ध २१४ मतांनी अखेर मंजूर झाले. सर्व डेमोक्रॅटिक सदस्यांनी विरुद्ध मत दिले आणि त्यांत ठाणेदारांचेही मत आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव मांडला. मे महिन्यात त्यावर मतदान घेण्याचा आग्रह मात्र त्यांनी आयत्या वेळी सोडला. बोलणे कोठपर्यंत गेले आणि मतदान कोठे थांबले, हे दोन्ही डेट्रॉइटच्या मतदाराला ताडून पाहता येते.

अमेरिकेत आवाजी मतदान होतच नाही असे नाही. पण तेथील राज्यघटनेतच तरतूद आहे की, उपस्थित सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली तर प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदवलेच पाहिजे. तेथे ती अध्यक्षांच्या मर्जीची बाब राहत नाही. शिवाय वर सांगितलेल्या जुलैच्या मतदानात सत्ताधारी पक्षाच्या दोन सदस्यांनी आपल्याच पक्षाविरुद्ध मत दिले, आणि त्यामुळे त्यांचे सदस्यत्व गेले नाही. आपल्याकडची परिस्थिती येथे फार निराळी आहे.

मत खासदाराचे की पक्षाचे?

समजा, उद्या प्रत्येक विधेयकावर मतविभागणी होऊ लागली. तरी एक प्रश्न उरतोच. यादीत दिसणारे मत त्या खासदाराचे स्वतःचे असेल का?

१९६७ साली हरियाणातील गया लाल नावाच्या आमदाराने अल्पावधीत अनेक वेळा पक्ष बदलला आणि 'आयाराम-गयाराम' हा शब्दप्रयोग रूढ झाला. या रोगावर उपाय म्हणून १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावे परिशिष्ट आले. त्यानुसार पक्षादेश, म्हणजेच व्हिप, मोडून मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले तर सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने आधी परवानगी दिली असेल किंवा पंधरा दिवसांत माफ केले असेल तरच सुटका होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली किहोटो होलोहान खटल्यात हा कायदा वैध ठरविला. मात्र अशी सक्ती सरकार टिकण्या-पडण्याच्या प्रसंगापुरती व पक्षाच्या मूळ धोरणापुरती असावी, अशी अपेक्षाही निकालात व्यक्त झाली. कायद्यात ती मर्यादा अद्याप आलेली नाही. मनीष तिवारी या काँग्रेस खासदारांनी त्यासाठी खासगी विधेयके मांडली, पण त्यांचा कायदा झाला नाही.

परिणाम असा की, खासदाराचे मत आणि पक्षाचे मत वेगळे काढणे अवघड झाले. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झाले, तेव्हा शिवसेनेने बाजूने मतदान केले. दोनच दिवसांनी राज्यसभेत त्याच पक्षाने सभात्याग केला. त्या वेळी आपला ठाणे मतदारसंघ शिवसेनेकडे होता. एकाच विधेयकावर दोन सभागृहांत दोन भूमिका का, याचे उत्तर पक्षाच्या नेत्यांकडे मागावे लागते. एकट्या खासदाराकडे ते मागून भागत नाही.

२०२२ साली तर महाराष्ट्र विधानसभेत याहून विलक्षण प्रसंग आला. शिवसेनेत फूट पडल्यावर दोन्ही गटांनी आपापला पक्षादेश काढला. एकाच पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदारांना दोन परस्परविरुद्ध आज्ञा झाल्या. ३ जुलै रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १६४ विरुद्ध १०७ आणि ४ जुलै रोजी विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९ अशी मते पडली. दोन्ही वेळा शिरगणती झाल्यामुळे कोण कोणत्या बाजूला उभे राहिले हे सर्व महाराष्ट्राने पाहिले. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. पण मूळ राजकीय पक्ष कोणता, हा वाद पुढेही चालू राहिला. १० जानेवारी २०२४ च्या विधानसभाध्यक्षांच्या निर्णयात कोणत्याच गटाचे आमदार अपात्र ठरले नाहीत. जो कायदा एकट्या सदस्याला साध्या विधेयकावरही तोंड उघडू देत नाही, तो मोठ्या संख्येने झालेली फूट मात्र थोपवू शकत नाही, असे यावरून दिसते.

या नियमाला अपवाद अपक्षांचा. २०१९ साली मीरा-भाईंदरमधून गीता जैन अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आल्या होत्या. अपक्ष आमदाराला कोणाचाही पक्षादेश लागू होत नाही. त्यामुळे त्याच्या मताची जबाबदारी सर्वस्वी त्याचीच असते. अशा प्रतिनिधीला तर प्रत्येक मताचे कारण विचारण्याचा मतदाराला दुप्पट अधिकार आहे.

पक्षांतरबंदीच्या आधीच्या काळातील एक उदाहरण येथे आठवते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या केंद्राच्या भूमिकेवरून कुलाब्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले. जाहीर भूमिका आणि प्रत्यक्ष कृती यांचा मेळ कसा असतो, ते या राजीनाम्यातून महाराष्ट्राला दिसले.

मोजता येते ते आणि मोजायला हवे ते

खासदाराचे काम मोजण्याची साधने आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेतील सहभाग, मांडलेली खासगी विधेयके यांचे आकडे सहज मिळतात. २०१० सालापासून 'संसदरत्न' पुरस्कारही दिले जातात आणि महाराष्ट्रातील सुप्रिया सुळे, श्रीरंग बारणे अशा वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांना ते मिळाले आहेत.

ही माहिती उपयोगी आहे, पण अपुरी आहे. मंत्री हजेरीपटावर सही करीत नाहीत आणि प्रश्नही विचारीत नाहीत, म्हणून त्यांची तुलना इतरांशी होत नाही. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न निवडले जातात आणि ती निवड सोडतीने होते. म्हणून केवळ संख्येवरून कळकळ ठरवता येत नाही. शंभर टक्के हजेरी लावणाऱ्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत काय लिहिले, हे पाहिल्याशिवाय प्राध्यापक त्याला गुण देतील का? खासदाराची उत्तरपत्रिका म्हणजे त्याचे मत, आणि नेमकी तीच आपल्याला सहसा पाहायला मिळत नाही.

या संदर्भात आपल्या जिल्ह्यातील एक जुनी प्रथा सांगण्यासारखी आहे. रामभाऊ म्हाळगी हे १९५७ साली मावळमधून आणि पुढे पुण्याच्या शुक्रवार पेठेतून आमदार झाले. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास सोसला. १९७७ आणि १९८० साली ते ठाण्याचे खासदार म्हणून निवडून आले. १९८२ साली त्यांचे निधन झाले. आपण वर्षभरात काय केले याचा अहवाल छापून ते मतदारांपुढे ठेवीत असत. त्यांच्या नावाची प्रबोधिनी आपल्या उत्तनला आहे, पण त्यांच्या या अहवालांविषयी भाईंदरच्या तरुणांना फारसे ठाऊक नसते. म्हाळगींचा पक्ष कोणाला मान्य असेल, कोणाला नसेल. परंतु कायद्याची सक्ती नसताना मतदाराला हिशेब देण्याची त्यांची रीत सर्वच पक्षांनी उचलावी अशी आहे.

आक्षेप आणि उत्तर

प्रत्येक विधेयकावर मतविभागणी घेतल्यास वेळ जाईल, असा एक आक्षेप आहे. पण घंटा वाजवून मते मोजायला लागतात ती काही मिनिटे. ज्या कायद्याखाली कोट्यवधी माणसे पुढे वर्षानुवर्षे राहणार, त्यासाठी एवढा वेळ जड वाटू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मते उघड झाली तर पक्षश्रेष्ठींचा धाक वाढेल आणि मोकळेपणाने मत देणारे थोडेही कचरतील, असे म्हणतात. हे काही अंशी खरे आहे. म्हणूनच दोन्ही सुधारणा एकत्र व्हायला हव्यात. विधेयकाच्या अंतिम मंजुरीला मतविभागणी आवश्यक करावी आणि पक्षादेशाची सक्ती विश्वासदर्शक ठराव व अंदाजपत्रक यांसारख्या प्रसंगांपुरती ठेवावी. नुसती नोंद आणली तर यादीत पक्षाचेच मत पुन्हा छापले जाईल. नुसते स्वातंत्र्य दिले तर त्याचा हिशेब कोणाला द्यावा लागणार नाही.

पक्षादेश सैल केला तर पैशाच्या बळावर मते विकत घेतली जातील, ही भीतीही निराधार नाही. परंतु त्यावर आता कायद्याचे शस्त्र आहे. सभागृहातील मतासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन खटल्यात दिला. चोरीच्या भीतीने घराला कायमचे कुलूप लावण्यापेक्षा चोराला शिक्षा करणे बरे.

विद्यार्थी मित्रांनो, कायदा बदलणे आपल्या हाती नाही. परंतु आपल्यापैकी अनेकजण येत्या निवडणुकीत प्रथमच मतदान करणार आहेत. प्रचारफेरीत हात जोडून येणाऱ्या उमेदवाराला आपण चार साधे प्रश्न विचारू शकतो. गेल्या पाच वर्षांत कोणत्या विधेयकांवर आपण नावानिशी मत दिले? जाहीर सभेत जे बोललात, त्याच्याशी ते मत जुळले का? पक्षाची भूमिका पटली नाही तेव्हा पक्षाच्या बैठकीत आपण काय म्हणालात? आणि निवडून आल्यास वर्षाकाठी छापील अहवाल देणार का? हे प्रश्न कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला सारखेच लागू पडतात.

पाणी, गटार आणि लोकल यांबद्दल माझे वडील विचारतात ते विचारलेच पाहिजे. ते प्रश्न विचारण्यासाठी पदवी लागत नाही, आणि खरे म्हणजे हे चार प्रश्न विचारण्यासाठीही लागत नाही. पण ज्यांच्या घरी शिक्षण प्रथमच आले आहे, त्यांच्यावर एक अधिकची जबाबदारी येते. जे वर्गात शिकलो ते घरी, चाळीत आणि गाळ्यावर समजावून सांगणे, ही ती जबाबदारी होय. आपल्या नावाने दिले जाणारे मत कोणत्या बाजूला पडते, एवढे जरी आपण दरवर्षी विचारू लागलो, तरी ते सांगण्याची सवय लोकप्रतिनिधींना हळूहळू लागेल.